रविवारी आलेला कूलरवाला

"कूलर बसवून राहिलो ना बाई, तं ते माही प्रार्थनाच समजा," असं शांतवन अमोलिक मार्चमध्ये बोलून गेला होता. पंचफुलाबाईंच्या मनातून ते गेलं नव्हतं. कूलर बनवणारा माणूस प्रार्थना करतो ती कोणासाठी? हा धंदा देवानं नेमून दिलेलं काम आहे, असंही तो म्हणायचा. सक्करदऱ्यातलं त्याचं दुकान ऐन मे महिन्यातही रविवारी बंद. लोक घामानं निथळत त्याला शिव्या घालत, आणि तो चर्चमध्ये.

म्हणूनच आज, रविवारी सकाळी, तो दारात दिसला तेव्हा त्या उंबऱ्यातच आडव्या उभ्या राहिल्या. आत त्यांचा नवरा, मनोहरराव, लकव्यानं खाटेवर पडलेले. आजारी माणसाच्या घरी हे लोक धर्म बदलवायला बरोबर पोचतात, असं त्यांनी ऐकलं होतं.

"आज चर्च नाही का, भाऊ?"

"जाणं नाही झालं. कूलरचा पंप बदलाचा आहे."

"चांगला चालून राहिला. काहून बदलता?"

"लॉटच खराब निघाला. काल एकाले झटका बसला. बारा घरी लावले होते, तुमचं पाचवं."

"पिशवीत धर्माची पुस्तकं किती आहेत? छप्पन साली माह्या सासऱ्यानं इचार करून बौद्ध धर्म घेतला. आमच्याकडे दुसऱ्या देवाले जागा खाली नाही."

"येऊ दे ना वं," आतून मनोहरराव अडखळत बोलले. "जागा नाही तं उभा राहीन थो."

शांतवन हसला नाही. त्यानं पिशवी उघडून पुढे धरली. पक्कड, पंप, पत्त्यांचा कागद. बाईंनी तळापर्यंत हात घातला. पुस्तक नव्हतं. तोंडपाठ असेल.

आत येऊन त्यानं चालू कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मनोहररावांचा धड हात नेहमीसारखा त्याच पत्र्यावर, गारव्यासाठी. शांतवननं झटकन बटण बंद केलं आणि तो हात आपल्या हातात घेतला. बाई पुढे सरसावल्या. आता हा प्रार्थनेला डोळे मिटणार. त्यानं हात उलटसुलट पाहिला, अलगद त्यांच्या छातीवर ठेवला.

"खाट लाकडाची, म्हणून वाचले."

पंप बदलून त्यानं बटण दाबलं. टेस्टर पेटला नाही. तरी तो अनवाणी, ओल्या फरशीवर, पत्र्यावर तळहात टेकवून बराच वेळ उभा राहिला. डोळे उघडेच होते. बाईंनी नीट पाहिलं.

"आता तरी सांगा, तुमाले पायजे काय?"

त्यानं कागदावरच्या पाचव्या पत्त्यावर रेघ मारली, जुना पंप पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि सहावा पत्ता वाचत उन्हात निघून गेला.