निळीचा रांजण

रांजणावरचा निळा फेस बसला होता आणि कुजका वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

पिपलानी वसाहतीत माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहणारी बाई जुन्या साड्या निळीत रंगवून विकते. गुळावर आंबवलेली नीळ जिवंत असते म्हणे. ही तिच्या सासूने घातलेली; नीळ एकदा मेली की गेली. थंडीत ऊब द्यायला तिने रांजणाला विजेचा पट्टा गुंडाळलाय. आतली ऊब मोबाईलवर दिसते. तरी रोज सकाळी ती हात बुडवते आणि बोट चाटून बघते. मला किळस येते. त्या दिवशी तिने नुसता मोबाईल पाहिला. ऊब मोजणारी तार बाहेर थंडीत निसटली होती, म्हणून पट्टा तापतच राहिला आणि नीळ मरायला टेकली.

"तार निसटली काकू, पण आळस माझा," ती म्हणाली.

साड्या न्यायला आलेला व्यापारी म्हणाला, "बाजार की नील डाल दो, दीदी. किसको पता चलेगा?"

"मटके को."

तो ऑर्डर मोडून गेला.

तिने पट्टा काढला, गूळ आणि कोंडा घातला, रोज बोट चाटत राहिली. निळ्या जिभेची ही बाई मला पटते. आठवड्याने तिने चिंधी बुडवली. हिरवी निघाली, वाऱ्यावर निळी झाली.

व्यापारी परत आला नाही. नीळ जगली.