अठरा इंची पट्टी आणि होळीचा मान

आमच्या गावच्या होळीत मधोमध जो बुंधा उभा करतात, तो तोडून आणायचा मान आमच्या घराचा. आधी बाप तोडायचा, मग मी. ज्यानं बुंधा तोडला त्याच्या हातानं होळी पेटते आणि त्याच्या घरची पोळी आगीत पहिली पडते. हा मान माझ्या चुलत भावानं तीन वर्षं खाल्ला. त्यानं लाकूड कापायची मशीन आणली. माझी कुऱ्हाड निम्म्यात असतानाच तो कापून मोकळा झाला आणि पारावर बसून म्हणाला, "दादा, कुऱ्हाड आता शेळ्यांना पाला तोडायला ठेवा." लोक हसले. कोण कोण हसलं ते मला आजही पाठ आहे.

यंदा मीही मशीन आणायचं ठरवलं. बायको म्हणाली, "अवं, चौथीत शाळा सोडली तुमी. मशीनवरचं वाचता तरी यील का?"

"वाचायचंय कशाला? कापायचंय."

होळीला हिरवं झाड तोडायचं न्हाई, हा आमच्याकडचा नेम. गावानं ओढ्यावर आडवी पडलेली, वाळून खडक झालेली बाभूळ धरली होती. तिला बुडातनंच दोन खोडं फुटलेली, दोन्ही सारखीच जाड. एक त्यानं तोडायचं, एक मी, आणि ज्याचा बुंधा आधी पडंल त्याचा मान, असं पारावर ठरलं. मी आधी एकटा जाऊन खोड मापलं. घेर न्हाई मापला, आडवी जाडी मापली. मशीनची साखळी ज्या पट्टीवर फिरते, तिला घेराशी काही देणंघेणं नसतं. दोन वितींना चार बोटं कमी भरलं.

धाराशिवला दुकानदारानं पहिल्यांदा लांबलचक मशीन पुढं केली. "आजोबा, ही न्या, चोवीस इंची. गावात कुणाकडं नसंल."

"हाय एकाकडं," मी म्हणालो, "म्हणून तर नको."

दुकानात त्याच बारक्या इंजिनाच्या दोन मशिनी, एकीला आखूड पट्टी लावलेली, एकीला लांब. लांब पट्टी दिसायला रुबाबदार. पण बाभळीचा गाभा म्हणजे शेवरीची काठी न्हवं. पट्टी लाकडात बुडाली की एवढी लांब साखळी ओढायला इंजिनात दम लागतो. रेड्याचं जू वासराच्या मानेवर ठेवल्यावर वासरू काय नांगर ओढणार? मी म्हणालो, लाकडाच्या जाडीपेक्षा पट्टी तीन-चार बोटं जास्त असली की बास, बाकीची ताकद इंजिनात पाहिजे. त्यानं आतून अठरा इंची आणली, तिचं इंजिन बैलासारखं. उचलून बघितली. कमरेला जड गेली, पण तोंडावर दाखवलं न्हाई.

शेतात चुलत भावाच्या बांधाजवळच सराव केला. आवाज त्याच्या कानावर जावा म्हणूनच तिथं. एक दिवस तो आला आणि माझ्या पट्टीकडं बघून म्हणाला, "दादा, लईच आखूड दिसतीय. पुढं तुकडा जोडून देऊ का?" मी साखळीला कानस लावत बसलो. उत्तर द्यायला होळी होती.

होळीच्या दिवशी दुपारी गाव ओढ्यावर जमलं. खोडं दोन्ही टोकांना टेकलेली, मधी खाली पोकळ. अशा लाकडाला वरून कापत गेलं की ते मधी बसतं, फट मिटते आणि पट्टी धरून ठेवते. कुऱ्हाडीवर आयुष्य काढलेल्याला हे सांगावं लागत न्हाई. मी वरून थोडं कापलं, फटीत पाचर ठोकली आणि मग पुढं गेलो. त्यानं पाचर न ठोकताच चोवीस इंची पट्टी वरून थेट खाली दाबली. इंजिन रडायला लागलं, धूर निघाला, खोड कुरकुरलं आणि पट्टी आत अडकून मशीन बंद पडली.

माझा बुंधा धाडकन पडला. त्याला कुणी हसलं न्हाई. हसायला पाहिजे होतं.

तो घामाघूम होऊन जवळ आला आणि खाली बघत म्हणाला, "दादा, तेवढी पाचर द्या की."

"मोठ्यानं बोल. मागच्यांना ऐकू येत न्हाई."

त्यानं मोठ्यानं मागितली. मी पाचर पिशवीत टाकली. "आधी होळी," म्हणालो आणि बुंध्याबरोबर निघालो.

मशीन सोडून तो कसा येणार? ओढ्यातनं वाट जाते, कुणीही उचलून नेईल. पट्टी खोलून मशीन सोडवायचा पाना घरी राहिलेला, आणि तो कुणाला आणायला सांगावं तर आणखी चारजण गंमत बघायला यायचे. बसला तिथंच, खोडावर.

दिवस मावळताना माझ्या हातानं होळी पेटली. आमची पोळी पहिली पडली. त्याची बायको ताट घेऊन माझ्या बायकोच्या मागं उभी राहिली. मग बोंब मारायची वेळ आली. पहिली बोंब मीच मारली, त्याच्या नावानं, ओढ्याकडं तोंड करून. इतकी मोठी की खोकला लागला.

घरी जेवताना बायकोनं पोळीवर तूप घातलं. "पाचर धाडा आता. बिचारा उपाशी बसलाय."

"सकाळी धाडीन."

"झालं न्हाई का समाधान?"

"त्यानं तीन वर्षं खाल्लाय. माझं आत्ता एक झालंय."

 ती तेलाची बाटली माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "मग गुडघे चोळत जा. अजून दोन होळ्या जगायचंय."

चोळतोय रोज.