पोलिदोरोचे बाण आणि लेफ्टनंटचे डबे

आमच्या तोकिरा गावात पोलिदोरो चापार्रोसारखा आतषबाजीचे बाण करणारा दुसरा नव्हता. बटाट्याला फूल आलं आणि डोंगरावर काळा ढग चढला की गावकरी त्याचे बाण ढगात सोडत. ढग फुटला की गारांचं पाणी होतं, ही आमच्या आजोबांची विद्या. पाद्री आन्सोला बाणांवर तीर्थ शिंपडत, कारण त्यांच्या मते ढगात सैतान बसलेला असे. राजधानीहून हवामान मोजायला आलेले इंजिनिअर दोघांनाही हसत. दारूच्या गुत्त्यात ते एकदा म्हणाले, "फादर, असल्या फुसक्या बाणांनी ढगाला गुदगुल्याही होत नाहीत. तिथं बॉम्ब पाहिजेत, बॉम्ब."

फादरनी हे मनात जपून ठेवलं. फादरांची स्मरणशक्ती दांडगी, फक्त थट्टा कुठली आणि शास्त्र कुठलं एवढंच त्यांना कळत नसे.

त्या वर्षी देशभर निळ्या पक्षाचे लोक लाल पक्षाच्या लोकांना कापत होते, आणि उलटही. आमचं गाव निळं, दरीपलीकडचं लाल. आमच्या छावणीतल्या लेफ्टनंट बोहोर्केसने सगळे बाण जप्त केले आणि पोलिदोरोला सांगितलं की दुधाच्या रिकाम्या डब्यांत बाणांची दारू आणि खिळे ठासून दे. संत इसिद्रोच्या सणानंतरच्या सोमवारी पलीकडची घरं उडवायची आहेत.

पलीकडे पोलिदोरोचे दोन मेहुणे राहत होते. तो नाही म्हणाला. शिपायांनी बंदुकीच्या दस्त्यांनी त्याच्या बरगड्या मोडल्या, तरी तो नाहीच म्हणाला. मग लेफ्टनंटने त्याच्या बायकोच्या, अबिगाईलच्या, कानशिलाला पिस्तूल लावलं. पोलिदोरोने डबे केले. अबिगाईल त्याच्याशी बोलेनाशी झाली. तिच्या भावांना निरोप पाठवायलाही वाट नव्हती, पुलावर पहारा होता. डबे ठेवले देवळात, वेदीच्या मागे. तिथे चोर जात नाहीत म्हणून.

रविवारी संत इसिद्रोची मिरवणूक निघाली आणि चौकात पोहोचते तोच ढग आला. बाण जप्त झालेले. बायका रडायला लागल्या. तेव्हा फादरना इंजिनिअर आठवले. ते देवळात धावले, डबे काढले, त्यांच्यावर तीर्थ शिंपडलं आणि पुरुषांच्या हातात देत म्हणाले, "उंच फेका. शास्त्राचाही पाठिंबा आहे."

मोडक्या बरगड्यांवर पट्टा आवळून पोलिदोरो संताची पालखी खांद्यावर घेऊन उभा होता. तो ओरडला, "अरे गाढवांनो, ते उडत नाहीत. ते पडतात."

कोणी ऐकलं नाही. क्रिसान्तो घंटेवाला म्हणाला, "ह्याला आपला माल वाचवायचाय," आणि त्याने वात पेटवून डबा फेकला. डबा माणूसभर वर गेला आणि आमच्यातच पडला. क्रिसान्तोचा जबडा गेला, संताचं डोकं गेलं, पुढच्या दोन बायका जागीच संपल्या. दुसराही फुटला. छावणीतल्या शिपायांना वाटलं लाल लोक आले. त्यांनी चौकावर गोळ्या झाडायला सुरुवात केली. फादर कारंज्याच्या आड पालथे पडून देवाला हाका मारत होते.

पोलिदोरो मात्र धावत होता. लोकांच्या हातांतले पेटलेले डबे हिसकावून तो कारंज्यात टाकत होता. न पेटलेलेही त्याने पाण्यात लोटले. शेवटचा त्याच्या हातात फुटला. मनगटाखाली काही उरलं नाही, दोन्हीकडे.

मग गारा आल्या, अंड्याएवढ्या. मेलेल्यांवर पडल्या, बटाट्यावर पडल्या. इंजिनिअर नंतर म्हणाले, प्रमाण कमी पडलं.

सोमवारी लेफ्टनंटकडे फेकायला काही नव्हतं. तो आठवडाभराने पोलिदोरोच्या खाटेशी आला आणि विचारू लागला की नवे डबे कोण करणार.

पोलिदोरो म्हणाला, "तुम्ही ठासा, साहेब. मी इथून सांगतो. पहिल्याच वेळी हात जाईल असं काही नाही, पण जातो बहुतेक."

लेफ्टनंटने दस्ता त्याच्या तोंडावर हाणला. दात घशात गेले. पण ठासायला एकही शिपाई पुढे झाला नाही, आणि लेफ्टनंट त्यांना घेऊन निघून गेला.

अबिगाईल तोवर कोपऱ्यात उभी होती. तिने फडकं भिजवून आणलं, त्याचं तोंड पुसलं, आणि कित्येक दिवसांनी त्याच्याशी बोलली.

"माझे भाऊ जिवंत आहेत," ती म्हणाली. "आता तोंड उघड मेल्या, सूप गार होतंय."