खिडकीजवळच्या कॉम्प्युटरची सवय

"बाईंच्यानं न्हाई व्हत आता. त्यांचा हात लागला की मशीन बंद पडतंय. हप्त्यात तीनदा झालं."

"मग सांगून टाक की बे."

"कसं सांगू? टायपिंग मी त्यांच्याकडंच शिकलोय. पण सांगतो. आजच सांगतो. सोमवारपासून दुसरी पोरगी बघावी लागंल."

मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर डबा हातात धरून उभी होते. खाली खताच्या दुकानात आमचे सर दुकानदाराशी बोलत होते. सर म्हणजे वरच्या कॉम्प्युटर सेंटरचे मालक. मी पाय न वाजवता वर गेले.

वडवणीच्या बाजारपेठेतलं आमचं सेंटर म्हणजे एक लांबट खोली. अर्ज, लग्नपत्रिका, आसपासच्या शाळांचे निकाल, सगळं तिथं टाइप व्हायचं. प्रिंटर एकाच कॉम्प्युटरला जोडलेला, खिडकीजवळच्या. सकाळी त्यावर मी बसायची, दुपारी बाई; तेव्हा मी शेजारच्या कॉम्प्युटरवर.

बाईंची टायपिंगची संस्था गावात बरीच वर्षं चालली होती. कॉम्प्युटर आले, टाइपरायटर शिकायला मुलं येईनाशी झाली, तशी बाईंनी दोन मशिनं घरी पलंगाखाली सरकवली आणि आपल्याच विद्यार्थ्याच्या सेंटरमध्ये कामाला आल्या. त्यांची नजर डावीकडच्या कागदावरून कधी हलत नसे. संस्थेत त्या मुलांच्या हातांवर रुमाल टाकून शिकवायच्या. मी कीबोर्डकडे बघितलं की अजूनही म्हणायच्या, "खाली काय बघतीस? अक्षरं पळून जाणार हायेत का?" त्या स्वतः पडद्याकडेही बघत नसत. टाइपरायटरला पडदा कुठे होता?

मी बीडला इंग्रजी शाळेत शिकलेली. सेंटरमध्ये आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं फोन नंबर सांगताना 'एकोणसत्तर' म्हटलं आणि मी विचारलं, "म्हणजे सिक्स्टी नाइन का?" हशा खालच्या दुकानापर्यंत पोचला. "इंग्लिश मॅडमला उजळणी येत न्हाई!" तेव्हापासून मी 'हो' आणि 'नाही' यांवर दिवस काढत होते. न बोलता बघत बसायला भरपूर वेळ मिळतो.

त्यामुळे बाईंकडेही मी नीट बघितलेलं होतं. तिसऱ्यांदा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा त्यांच्या बोटांनी शेवटी तीन कळा दाबल्या होत्या. एस, एच, एंटर. मला तेव्हा वाटलं, वायर ढिली असेल. जिन्यावरचं बोलणं ऐकल्यावर मात्र त्या तीन कळा डोक्यातून जाईनात.

त्या कळा मीच त्यांना दिल्या होत्या. एका मासिकासोबत आलेल्या सीडीवर मला एक छोटा प्रोग्राम सापडला होता. दोन कळा एकत्र दाबल्या की पडद्याच्या मध्ये एक पट्टी उघडायची. तिच्यात नावाची पहिली एकदोन अक्षरं टाकली की खाली यादी यायची, आणि एंटर मारलं की यादीत जे पहिलं असेल ते सुरू व्हायचं. माउसशी बाईंचं कधी जमलं नव्हतं. निकालाचा प्रोग्राम सरांनी 'शाळा' नावानं ठेवला होता. पट्टी उघडायची, एस, एच, एंटर, की शाळा हजर. "हे माझ्या हाताला कळतंय," बाई म्हणाल्या होत्या.

सर वर यायच्या आत मी पट्टी उघडली आणि एस, एच टाकलं. एंटरवरचं बोट तसंच थांबवलं.

यादीत शाळा दुसरी होती. पहिला होता माझाच हुकूम, शट.

आमच्याकडे रोज अकराला लोडशेडिंगची लाइट जायची. यूपीएसची बॅटरी म्हातारी, पाच मिनिटांत मान टाकायची. म्हणून मी एक हुकूम बनवून ठेवला होता, जो काही न विचारता उघडं असलेलं सगळं मिटवून कॉम्प्युटर बंद करी. यूपीएस ओरडायला लागला की मी त्याच पट्टीत एस, एच टाकून तो हुकूम यादीतून निवडायची. होळीनंतर लाइट दिवसातून दोनदा जायला लागली. त्याच दिवसांत परीक्षा चालू असल्यामुळे निकालाचं काम नव्हतं. बाईंनी दीड महिना शाळेला हाक मारली नव्हती, आणि मी शटला रोज मारत होते.

बीडला आमच्या वर्गात हजेरी आडनावाच्या अक्षरानं व्हायची. माझं नाव शेवटून तिसरं. तिथवर येईपर्यंत शिक्षिका कंटाळलेल्या असत आणि मान वर न करताच पुढं जात. याद्या अशाच असतात, एकदा ठरल्या की ठरल्या, असं मी धरून चालले होते. ही यादी तशी नव्हती. अक्षरं जुळणाऱ्या नावांमध्ये ती बघत होती की कुणाला जास्त वेळा बोलावलंय आणि कुणाला अलीकडे बोलावलंय. तो वर. बाकीचे खाली, पण कायमचे नाहीत.

कायमचे नाहीत हे खरं का, ते मला बघायचं होतं. मी खालच्या बाणानं शाळा निवडली, एंटर मारलं, बंद केली. पुन्हा तेच. मनातल्या मनात मराठीत मोजत होते, उजळणी म्हणून. अकरा, बारा, तेरा. शट जागचा हलेना. सतरा. अठरा. एकोणिसाव्या वेळेनंतर एस, एच टाकलं, तर शाळा वर आलेली.

मी खुर्चीतच हसले. मग माझ्या हुकमाचं नाव बदलून दुसऱ्याच अक्षरावर ठेवलं, म्हणजे दोघांचं पुन्हा भांडण नको. अकराला लाइट गेली तेव्हा कॉम्प्युटर नव्या नावानं बंद केला. काम झालं होतं आणि कुणाला काही सांगायची गरज नव्हती. निदान डबा खाईपर्यंत मला तसं वाटलं. नंतर सरांचं 'सोमवारपासून' आठवलं. मशीन दुरुस्त झालं होतं. सरांचं मत तसंच होतं.

एक वाजता लाइट आली आणि पाठोपाठ बाई आल्या, तेलगावच्या शाळेचे निकालाचे कागद घेऊन. कागद डावीकडे लावले, चष्मा वर सरकवला, पट्टी उघडली. एस, एच, एंटर. शाळा उघडली. बाईंनी पडद्याकडे बघितलंही नाही. बोटं चालू झाली.

सर कधीचे दाराशी उभे होते. रुमालानं मान पुसत ते जवळ आले.

"बाई, जरा बोलायचं व्हतं."

"बोल की. कान मोकळे हायेत," बाई म्हणाल्या. हात चालूच.

"न्हाई म्हंजे, तुमी लई केलं. आता जरा आराम... डोळ्यांना पण तरास व्हतो..."

बाईंचे हात थांबले. त्या खोलीत त्यांचे हात असे अर्ध्या ओळीत थांबलेले मी पहिल्यांदाच बघितले. त्यांनी कागदावरून नजर काढली आणि आपल्या बोटांकडे बघितलं, खाली.

मी उभी राहिले. खुर्ची मागे भिंतीवर आपटली आणि दोघांनीही माझ्याकडे बघितलं. आता बसले तर पुन्हा उठणं होणार नाही हे मला माहीत होतं.

"सर, बाईंचं काही चुकलं नव्हतं," मी म्हणाले. "रोज लाइट गेली की मी कॉम्प्युटर बंद करत होते, म्हणून तो ते शिकला. आता शाळा पुन्हा वर आलीय. मी तपासलंय, एकोणीस वेळा."