चिंचेच्या कोळातली नाणी

माझ्या जुन्या तांब्याच्या नाण्यांचा विमा उतरवायचा होता. त्यासाठी कंपनीचा माणूस नाणी पाहायला आमच्या शहापूरच्या घरी येणार होता. आजवर मी ती बाहेरच्या कुणालाच दाखवली नव्हती. अनोळखी माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून सकाळपासून मी सारखी दाराशी जात होते.

गाडी आली का बघून मी आत आले, तर कपाट उघडं आणि नाण्यांचा डबा गायब. आई मागच्या दारी परातीत चिंचेचा कोळ घेऊन बसली होती. पाहुणा येणार म्हटलं की ती समई घासते, तांब्या घासते. आज नाणी घासायला घेतली होती. वरचा काळपट थर गेला की जुन्या नाण्याची किंमतच जाते.

"आई, थांब!"

मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारची काकू धावत आली. "काय झालं गो, साप निघाला?"

"नाय गो, आमच्या पोरीला आवाज फुटला," आई म्हणाली.

सुदैवाने एकच नाणं कोळात पडलं होतं. ते गुलाबी चकाकत होतं.

थोड्या वेळाने कंपनीचा माणूस आला. त्याने एकेक नाणं भिंगाखाली पाहिलं, फोटो काढले. चकचकीत नाणं मात्र बाजूला ठेवलं. "हे सोडून बाकी सगळ्यांचा विमा होईल."

"अवो, सगळ्यांत स्वच्छ तेच नापास?" आई चिडली.

मला हसू आवरेना. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि कुठलं नाणं कुठे मिळालं ते न थांबता सांगत सुटले.