कमळताईंनी नको म्हटलं

पौडच्या वरच्या अंगाला डोंगरात सतरा घरांची एक वस्ती आहे. कमळ ढेबे तिथली. लग्नाआधी ती बापाबरोबर हिरडा गोळा करायला रानात जायची, लग्नानंतर दुसऱ्यांच्या भातलावणीला, आणि गेली सात वर्षं खाली रस्त्याकडेच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. तिथं गाड्यांचे दिवे बनतात. दिवा फोमच्या पिशवीत घालायचा, पिशवी खोक्यात, आणि खोकी लाकडी पॅलेटवर रचायची. पॅलेट भरली की फोर्कलिफ्ट यायची, पुढचे दोन लोखंडी सुळे खाली सरकवून पॅलेट उचलायची आणि ट्रकपाशी न्यायची. खोकी भरणाऱ्या सगळ्या बायका आणि फोर्कलिफ्टवर सगळे पुरुष. असं का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

विचारलं ते मेधा मॅडमनी. त्या एचआरच्या मॅनेजर, मूळच्या परभणीच्या, नांद्यातल्या नव्या सोसायटीत राहणाऱ्या. त्यांच्याआधीचे साहेब पॅकिंगकडे फिरकलेही नव्हते. मेधा मॅडम जेवणाच्या सुट्टीत येऊन रिकाम्या खोक्यावर बसायच्या आणि बायकांच्या डब्यातली नाचणीची भाकरी मागून खायच्या. एकदा त्यांनी आपल्या आईची गोष्ट सांगितली. आईनं अडतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण मुख्याध्यापकाची खुर्ची काही मिळाली नाही. दर वेळी वरचे लोक परस्पर ठरवायचे की बाईंना घर आहे, मुलं आहेत, त्यांना हे झेपायचं नाही. बाईंना कुणी विचारलंच नाही. हे सांगताना मॅडमचे डोळे भरून आले. कमळनं त्या दिवशी त्यांना मनात थोरल्या बहिणीची जागा दिली.

त्यामुळे फोर्कलिफ्ट कोण शिकणार, असं मॅडमनी विचारलं तेव्हा बाकीच्या एकमेकींकडे बघत राहिल्या आणि कमळनं हात वर केला.

सोपं नव्हतं ते. फोर्कलिफ्टचं वळण मागच्या चाकांवर असतं. पुढं बघून वळवावं तर मागचं धड भलतीकडंच जातं. पहिल्या आठवड्यात तिनं दोन पॅलेटी पाडल्या आणि एक खांब चेपला. शिकवणारे सुधीरदादा चिडून खाली उतरले, पण दुसऱ्या दिवशी परत आले. नवरा कोंडिबा एका बंगल्याच्या फाटकावर राखणीला असतो. तो एवढंच म्हणाला की, पाय तेवढा जपून ठेव, सुळ्याखाली गेला तर उरायचा न्हाई. चौथ्या महिन्यात कमळ परीक्षा पास झाली. ऑफिसच्या भिंतीवर तिचा मोठा फोटो लागला. पुढच्या वर्षी दोन नवे पोरगे आले, तर त्यांना शिकवायचं कामही तिच्याकडेच आलं. त्यातला अमोल हुशार आणि वागायला गरीब. तो तिला कमळताई म्हणायचा.

डिस्पॅचचे, म्हणजे माल ट्रकमध्ये चढवून पाठवणाऱ्या खात्याचे, सुपरवायझर रिटायर व्हायला आले होते. मॅडमनी कमळला केबिनमध्ये बसवून, चहा पाजून सांगितलं, "एप्रिलपासून ती खुर्ची तुझी. अजून कुणाला बोलू नकोस." कमळ कुणालाच बोलली नाही, कोंडिबालाही नाही.

त्याच हिवाळ्यात प्रियानं अर्ज लिहिला. प्रिया पॅकिंगमधली, कमळची सगळ्यांत जवळची. दुसरी पाळी सुटायला अकरा वाजायचे आणि कंपनीची बस बायकांना पौडच्या स्टँडवर सोडून निघून जायची. तिथून पुढं वाड्यावस्त्यांवर जाणाऱ्या बाईनं काय करायचं ते तिचं तिनं बघायचं. कुणाचा भाऊ मोटारसायकल घेऊन यायचा, कुणी चालायची. गाडी घरापर्यंत द्या, एवढीच अर्जातली मागणी होती. खाली एकवीस सह्या झाल्या होत्या. बाविसावी कमळची व्हायची होती.

मॅडमना कुठून तरी कळलं. त्यांनी कमळला पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. परदेशातल्या गिऱ्हाइकाची माणसं फेब्रुवारीत कारखाना बघायला येणार होती. बायकांना इथं कसं वागवतात हे तपासणार होती. त्यांच्यासमोर असला अर्ज आला तर सगळ्यावर पाणी पडेल, त्यापेक्षा मी आतून गाडी मंजूर करून आणते, असं मॅडमचं म्हणणं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुझं ऐकतात त्या. माझ्यासाठी एवढं कर."

कमळनं ते केलं. प्रियाला समजावलं, मग एकेकीला गाठून समजावलं. मॅडमनी शब्द दिलाय, त्या आपल्या हायेत, असं ती प्रत्येकीला सांगत गेली. प्रियाचं मन तयार नव्हतं. ती म्हणाली, मॅडमवर न्हाई, तुझ्यावर इस्वास ठिवते. आणि तिनं अर्ज सगळ्यांसमोर फाडला.

फेब्रुवारीत पाहुणे आले. कमळनं त्यांच्यासमोर भरलेली पॅलेट अलगद उचलून ट्रकमध्ये ठेवली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात बायकांना पुढं आणल्याबद्दल कंपनीला बक्षीस मिळालं आणि मेधा मॅडमना बढती. पुण्याच्या मोठ्या ऑफिसात त्या सगळ्या कारखान्यांच्या एचआर प्रमुख झाल्या.

मार्चच्या शेवटी बोर्डावर दोन कागद लागले. पहिल्यात होतं की सुरक्षेच्या कारणास्तव महिलांना दुसऱ्या पाळीतून वगळण्यात येत आहे. म्हणजे गाडी द्यायला नको म्हणून पाळीच काढून घेतली होती, आणि त्या पाळीचा भत्ताही गेला. दुसऱ्यात होतं की डिस्पॅचचे नवे सुपरवायझर अमोल.

अमोल पेढे घेऊन पहिल्यांदा कमळकडेच आला. वाकून पाया पडला. म्हणाला, "ताई, तुम्ही नको म्हटलंत म्हणून मला मिळालं. हे मी विसरणार नाही."

कमळला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा विचारलं. अमोल गोंधळला. मेधा मॅडमनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की कमळताईंना विचारलं, पण घरच्या जबाबदारीमुळे त्यांनीच नको म्हटलं. अमोलचं नावही मॅडमनीच सुचवलं होतं.

पेढा तिच्या हातात तसाच राहिला. अमोलचा दोष नव्हता, हे तिला दिसत होतं. त्यामुळे त्याच्यावर रागावणंही जमेना.

मेधा मॅडमचा त्या कारखान्यातला तो शेवटचा आठवडा होता. कमळ दार न वाजवता आत गेली. मॅडम खोक्यात फाइली भरत होत्या. त्यांनी बस म्हटलं. कमळ उभीच राहिली.

"मी नको कवा म्हनले, मॅडम?"

मॅडमनी हातातली फाइल खाली ठेवली. मग समजावणीच्या सुरात बोलू लागल्या. सुपरवायझरला दोन्ही पाळ्या कराव्या लागतात. बायकांची दुसरी पाळी बंद करायची हे वरून ठरलं होतं. मग तुझं नाव पुढं करून उपयोग काय. तुला नाकारलं असं दिसण्यापेक्षा तू नको म्हटलं असं दिसलं तर तुझाच मान राहील, असा विचार त्यांनी केला होता.

"पाळी बंद करायच्या कागदावर सही कुनाची हाय?"

मॅडम पुन्हा फाइली भरू लागल्या. सही त्यांचीच होती.

"तुमच्या आईचं बी असंच दुसऱ्यांनी परस्पर ठरवलं व्हतं," कमळ म्हणाली. "त्या लोकांनी निदान डोळ्यांत पानी आनून भाकर तरी मागितली नसंल."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या काही तरी म्हणाल्या, पुढच्या वेळी बघू असं काही, पण कमळ ऐकायला थांबली नाही. बाहेर येऊन ती फोर्कलिफ्टवर बसली आणि सुट्टी होईपर्यंत अठ्ठावीस पॅलेटी उचलल्या. एकही हलली नाही.

घरी तिनं कोंडिबाला सगळं सांगितलं. खुर्चीचं वचन त्याला आजच कळत होतं. तो म्हणाला, मला तरी सांगायचंस. ते तिला मॅडमपेक्षाही जास्त लागलं.

पण सगळ्यांत अवघड होतं प्रियाला तोंड दाखवणं. आपल्याला फसवलं हे खरंच होतं. पण मॅडमनी फसवायला हात वापरले ते तिचे. भत्ता बुडणार म्हणून प्रियानं पोरीची शिकवणी बंद केली होती. कमळ दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ गेली आणि झालं ते न लपवता सांगितलं, खुर्चीच्या आशेसकट. प्रियानं हातातलं खोकं चिकटवून संपवलं. मग म्हणाली, "म्हंजे तुला आमच्या गाडीच्या बदल्यात खुर्ची पायजे व्हती."

तसं नव्हतं, असं कमळला म्हणायचं होतं. पण ते पूर्णपणे खोटं आहे, असंही तिला म्हणता येईना.

या वेळचा अर्ज कमळनं स्वतः लिहिला. आधीची पाळी परत द्या, घरापर्यंत गाडी द्या, आणि सुपरवायझरची जागा मी नाकारलेली नाही याची कागदोपत्री नोंद करा. पहिली सही तिची. बाकीच्यांनी आधीचा अर्ज कुणी फाडायला लावला ते तोंडावर ऐकवलं. पहिल्या दिवशी चारच सह्या झाल्या. तिसऱ्या दिवशी प्रियानं केली, पेन परत देताना कमळकडे बघितलं नाही. मग बाकीच्या आल्या. अर्जाची एक प्रत कंपनीत दिली, पोच घेतली, आणि दुसरी कमळनं रजा टाकून पुण्याच्या कामगार कार्यालयात नेली.

पाच महिने गेले. विचारणा झाली, नोटीस आली, मग कंपनी नमली. आता दुसऱ्या पाळीला बायका आहेत आणि पांढरी गाडी वस्तीच्या खालच्या वळणापर्यंत येते. नोंदीच्या मागणीला मात्र "विचाराधीन" एवढंच उत्तर आलं. डिस्पॅचला अमोलच आहे. अडलं की तो अजून कमळलाच विचारतो आणि ती सांगते. मेधा मॅडम कुठल्याशा सभेत बायकांच्या प्रगतीवर बोलतात असं तिच्या कानावर येतं.

गाडीत बायका गप्पा मारतात, भाजीपाल्याचं बोलतात, हसतात. कमळशीही बोलतात. प्रियाही बोलते, कामापुरतं. पण ती खिडकीशी बसते आणि आपली पिशवी शेजारच्या सीटवर ठेवते. कमळ चढली की मागच्या बाकावर जाऊन बसते.