कपाटातली आजारपणं

संप लागला आणि डिलाईल रोडवरच्या आमच्या गिरणीतले माग थांबले, तरी आम्हा कारकुनांना कामावर जावंच लागे. गिरगावातून बसने यायचं, दारावरच्या कामगारांच्या नजरा चुकवायच्या आणि पोलिसांमधून वाट काढत आत शिरायचं. मी पगार खात्यात होते. भिंतीला लागून लोखंडी कपाटं होती, त्यांत प्रत्येक कामगाराचं कार्ड. फोटो, अंगठा, गावचा पत्ता, वारसाचं नाव. आजारपणाची रजा घेतलेली असली की कार्डाला डॉक्टरचा दाखला टाचलेला असे, कारण त्याशिवाय रजेचा पगार निघत नसे. कोणाला क्षय, कोणाला फिट्स, कोणी वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेला. मी नोकरीला लागले तेव्हा हेडक्लार्कनी एवढंच बजावलं होतं, "हे वाचायचं ते पगारापुरतं. बाहेर ब्रसुद्धा काढायचा नाही."

संप लांबला, तसा एक सफारीवाला गृहस्थ लेबर ऑफिसरच्या केबिनमध्ये येऊन बसू लागला. शिपाई आमच्या कपाटातले कार्डांचे ट्रे आत नेऊन ठेवायचा. एकदा सही घ्यायला मी आत गेले. साहेब वडे खात होते आणि त्याच तेलकट बोटांनी कार्डं उलटत होते. तो गृहस्थ उतरवून घेत होता. एका विणकराच्या फोटोवर, अगदी चेहऱ्यावर, साहेबांच्या अंगठ्याचा तेलाचा डाग उमटला होता.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"मालकांचे स्नेही आहेत. कोण कामावर परत येईल, त्याचा अंदाज घेतायत. तुम्ही सही घ्या आणि निघा."

मी निघाले. पण अंदाजासाठी डॉक्टरचे दाखले कशाला लागतात, हे डोक्यातून जाईना.

पुढे एका संध्याकाळी बसथांब्यावर एका बाईने माझा दंड धरला. त्याच विणकराची बायको. संपापूर्वी ती एकट्या राहणाऱ्या कामगारांची खाणावळ चालवायची, म्हणून मी तिला ओळखत होते.

"माका एक सांगा बाई, आमच्या ह्येंचो आजार त्या मेल्याक कोणी सांगल्यान?"

तो सफारीवाला त्यांच्या खोलीवर गेला होता. चाळीतल्या खोल्या स्वस्तात सोडवून घ्यायचा त्याचा धंदा. यांनी नाही म्हटल्यावर तो हसून म्हणाला, "मुलीचं ठरलंय ना माहीमला? बाप क्षयाच्या इस्पितळात होता, हे व्याह्यांना माहीत आहे?" विणकर बरा होऊन कित्येक वर्षं झाली होती. तेव्हा शेजाऱ्यांना त्यांनी 'गावी गेलेत' असं सांगितलं होतं. खरं फक्त नवरा-बायकोला ठाऊक होतं, आणि आमच्या कपाटाला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर उभी राहिले. त्यांनी नाकारलंसुद्धा नाही.

"अहो, त्यांचं काय खाजगी असतं? दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं झोपतात. आणि कार्डं गिरणीची आहेत."

"आजार त्यांचा आहे, साहेब."

त्यांनी सुपारी गालात सारली आणि माझ्याकडे बघत राहिले. मी चढलेले आवाज ऐकले होते, शिव्याही ऐकल्या होत्या. पण त्या थंड, चघळणाऱ्या तोंडाची जी शिसारी आली, तशी आधी कशाची आली नव्हती. मोरीत जाऊन मी साबण लावून हात धुतले. धुण्यासारखं हातांना काहीच लागलेलं नव्हतं.

मी त्या विणकराच्या खोलीवर गेले आणि सरळ सांगितलं, "हे आमच्याच ऑफिसातून बाहेर गेलंय." बायको रडू लागली. तो उठला. मग शर्ट चढवत म्हणाला, "त्येनी जाऊन सांगण्यापेक्षा मीच सांगतंय." आणि माहीमला निघून गेला. व्याह्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि आठवड्याने निरोप पाठवला की जमणार नाही. त्या दलालाच्या हातात धमकी उरली नाही, खोली वाचली. पण मुलगी कितीतरी दिवस बापाशी बोलली नाही, आणि त्यात तिचं तरी काय चुकलं?

कपाटाची एक किल्ली माझ्याकडेच असायची. मी रोज थोडी थोडी कार्डं काढून त्यांचे दाखले सोडवले, डब्याच्या पिशवीतून घरी नेले आणि सुट्टीच्या दिवशी लालबाग-परळच्या चाळी चढून ज्याचे त्याच्या हातात दिले. सगळे खूश झाले असं नाही. एकजण ओरडला, "आता आणून देता? वाचून झालं वाटतं तुमचं?" एका म्हाताऱ्याने कागद न उलगडताच स्टोव्हवर धरला आणि मला पाणी दिलं. काही खोल्यांना कुलपं होती. माणसं गावी गेली होती. त्यांचे दाखले मी स्वतःच जाळले.

साहेबांना कळलं तेव्हा मला मेमो मिळाला: गिरणीच्या मालमत्तेची चोरी. चोर मी! चौकशीत त्यांनी मला विचारलं, "कोणाच्या परवानगीने?" मी म्हटलं, "ज्यांचे होते त्यांच्या." मला घरी बसवलं. काही काळाने गिरणीच कायमची बंद झाली, तेव्हा ती चौकशीही तशीच विरली.

मला पुढे दादरच्या एका शाळेच्या ऑफिसात काम मिळालं. बऱ्याच वर्षांनी हिंदमाताच्या एका साडीच्या दुकानात साहेब दिसले. केस पांढरे, शेजारी सून. त्यांनी मला ओळखलं, हात जोडले आणि सुनेला कौतुकाने सांगू लागले, "या आमच्या पगार खात्यात होत्या. आम्ही सगळे एका कुटुंबासारखे होतो हो. कोणाच्या घरी काय चाललंय, सगळं आम्हाला माहीत!"

सून गोड हसली. दुकानदाराने माझ्यासमोर उलगडलेली साडी तशीच टाकून मी बाहेर पडले आणि भर फुटपाथवर थुंकले. जन्मात तसं कधी केलं नव्हतं.